झाकण उघडायचं नाही

आमच्या घरी श्रीखंडात जायफळ पडत नाही. पुरणात नाही, मसाला दुधातही नाही. कोजागिरीला आलेले पाहुणे पहिला घोट घेतात आणि म्हणतात, "छान झालंय, पण काहीतरी राहिलं बघा." मी म्हणते, वेलदोडा आहे, केशर आहे, गोड मानून घ्या. एखादा जाणकार हट्टालाच पेटला तर सांगते की घरात एका माणसाला जायफळ सोसत नाही. ते माणूस म्हणजे मीच. गरम गुळात जायफळ पडलं की जो वास सुटतो, तो नाकात गेला की घरातलं कोण कुठं आहे हे मी आधी बघून घेते.

हे दुखणं मला सिस्टरनी लावलं. त्यांचं नाव घराच्या पाटीवर होतं, पण अख्खं वसमत त्यांना सिस्टरच म्हणायचं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. जवळा बाजार, कनेरगाव नाका, आसपासचे तांडे, जिथं डांबरी सडक संपते तिथं त्यांची नोकरी झाली. नवरा तरुणपणीच गेलेला, एक पुतण्या पुण्याला. लग्न होऊन मी वसमतला आले तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. आमचे हे तिथल्या शाळेवर मास्तर. सिस्टरच्या आवारातल्या दोन पत्र्याच्या खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या आणि त्याबरोबर सिस्टरही मिळाल्या.

बुटक्या, ताठ, निवृत्तीनंतरही पांढऱ्याच साडीत. पदराला सेफ्टीपिनेनं घड्याळ अडकवलेलं. आवाज असा की गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची. आणि एवढं असून ही बाई जगातल्या यच्चयावत गोष्टींना घाबरायची. विजेच्या बटणाला कोरडं फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावायच्या नाहीत. आभाळ गडगडलं की घरातली स्टीलची भांडी गोधडीखाली झाकायच्या. आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं गॅसचं सिलिंडर आणलं, तर ते त्यांनी घरात येऊच दिलं नाही. निंबाखाली ठेवलं, ओलं पोतं पांघरलं आणि जाता-येता त्याला हात लावून बघायच्या, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मी वसमतला असेपर्यंत रॉकेलच्या स्टोव्हवर भाकरी केल्या. चिडचिड व्हायची माझी, पण घरमालकिणीला कोण बोलणार?

"सिस्टर, एवढं काय भेता हो?" मी एकदा विचारलं.

"मी? मी काहून भिऊ? मला काईच वाटत न्हाई."

भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांचा ठरलेला शब्द वेगळा होता. कुणी ताप घेऊन आलं, कुणाचं पोरगं पडलं, कुणाची सून दिवसांत असली, सिस्टर नाडी बघणार, डोळ्याची पापणी खाली ओढणार आणि म्हणणार, "सगळं बराबर हाय." आयुष्यभर बाळंतिणींना हेच सांगत आलेल्या त्या. ऐकणाऱ्याचा जीव तिथंच भांड्यात पडायचा. मीसुद्धा पहिलं वर्ष त्या शब्दावर निर्धास्त होते.

आता त्यांच्या पावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच आहे.

आमच्या पत्र्यावर काशीफळाचा वेल चढलेला होता. काशीफळ म्हणजे लाल भोपळा. भादवा सरता सरता पत्र्यावर पाच-सहा मोठी फळं बसलेली असायची. ती गडगडत येऊन कुणाच्या डोक्यात पडतील म्हणून सिस्टरनी प्रत्येकाखाली जुन्या साडीची चुंबळ ठेवलेली. अख्खं काशीफळ बाईनं फोडू नये, पहिला घाव पुरुषानं घालायचा, अशी आमच्याकडं रीत. सिस्टरच्या घरात बुद्धाची मूर्ती, अंधश्रद्धेवर त्या तासभर बोलू शकायच्या. पण काशीफळ फोडायचं म्हटलं की हाक यायची, "मास्तर, येवढा एक घाव घाला हो. माझं मनगट दुखून राहिलं." आमचे हे मिशीत हसत कोयता हातात घ्यायचे.

पाव करायला त्या शिकल्या नर्सिंगच्या होस्टेलात, तिथल्या मेट्रनबाईंकडून. भट्टी नाही, यीस्ट नाही. अंगणातल्या चुलीवर लोखंडी घमेलं, घमेल्यात नदीची वाळू, वाळूत जाड बुडाचं पातेलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. काशीफळ शिजवून घोटायचं, त्यात गूळ, दही, कणीक आणि तेल. सुंठ, दालचिनी, लवंगेची पूड. खायचा सोडा सगळ्यात शेवटी, आणि त्याच्यावर किसलेलं जायफळ. हे करायच्या आधी कार्बोलिकच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या. पाव झाला का बघायची सायकलची तारसुद्धा उकळून घ्यायच्या.

सोडा पडला की हात आवरायचा, हा त्यांचा नियम. चाटू चार-दोनदा फिरला की बस्स. "जास्ती घोळलं की चिवट होते. मन थाऱ्यावर नसलं की हात फिरतच राहते, तवाच त्याला थांबवायचं असते." आणि एकदा पातेलं वाळूत बसलं की झाकण उघडायचं नाही. कुणी काही म्हणो. उघडलं की पाव मधोमध खाली बसतो आणि पुन्हा वर येत नाही. मग सिस्टर चुलीसमोर पाटावर बसायच्या, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. पाव होईपर्यंत ते हात बाहेर यायचे नाहीत.

मला वाटायचं, हौस आहे बाईला. गल्लीलाही तसंच वाटायचं. वास सुटला की पोरं फाटकाशी जमायची, बायका वाट्या घेऊन यायच्या. "सिस्टर, आज काहून केक?" "काशीफळ पिकलं, म्हणून." एवढंच उत्तर.

पहिली शंका मला भूकंपाच्या वर्षी आली. किल्लारीकडं तो मोठा भूकंप झाला, त्याचे हादरे आमच्याकडंही जाणवले. पहाटे सगळं गाव रस्त्यावर. उजाडलं तरी घरात पाय टाकायची कुणाची छाती होत नव्हती. रेडिओवर एकेक आकडा ऐकून बाया रडत होत्या. आणि आमच्या अंगणात सिस्टर काशीफळाच्या साली काढत होत्या. मला रागच आला. माणसं दगडमातीखाली गेलीत आणि ह्यांना गोडधोड सुचतंय! तेवढ्यात त्यांचे हात दिसले. सुरी सालीवर थडथड वाजत होती. "सगळं बराबर हाय," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "आता काई हलत न्हाई." पाव चुलीवर चढला, हात मांड्यांखाली गेले आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्या दिवशी आम्ही रस्त्यावर बसून तो पाव खाल्ला. गोड होता.

पण पक्कं कळलं ते पुढच्या साली, शेजारच्या भाभीच्या नवऱ्याच्या वेळी. भाभीचं घर आमच्या भिंतीला लागून. तिचा नवरा मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती उचलायचा, अंगानं पहिलवान. त्याला कावीळ झाली. भाभीनं सिस्टरना बोलावलं. त्यांनी त्याचे डोळे बघितले, पोट चाचपलं, नांदेडला दाखवून आणा म्हणाल्या, आणि उंबऱ्यात भाभीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नको. सगळं बराबर हाय." दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना हाक आली, "मास्तर, एक घाव घाला हो." दुपारी वास सुटला. भाभीनं भिंतीवरून डोकं काढलं.

"क्या खुशबू है, सिस्टर! इनकू भी जरा देतूं. सुबह से मुंह में कुछ गया नहीं."

सिस्टरनी मोठा तुकडा कापून दिला. तो देताना त्यांनी भाभीकडं बघितलं नाही, चुलीतल्या राखेकडं बघितलं. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते, मी ते पाहिलं. आठ दिवसांत तो माणूस गेला.

त्या दिवसापासून मी सिस्टरच्या तोंडावर विश्वास ठेवणं सोडलं आणि नाकावर ठेवायला लागले. गल्लीला गोड वास यायचा तेव्हा मी आतल्या खोलीत बसून विचार करायचे, आता कोण? पुण्याच्या पुतण्याचं काही पत्र आलंय का? कुणाला साप चावलाय? आणि दिवस असे, की सिस्टरच्या भीतीला खाद्य कमी नव्हतं. आमच्या भागात आश्विन म्हणजे परतीच्या पावसाच्या विजा, सोयाबीन काढताना निघणारी जनावरं, घरोघरी थंडीताप. काशीफळं पिकायला आणि संकटं यायला एकच महिना.

एकदा दुपारी वाती वळत बसलो होतो. मी धीर करून विचारलंच, "सिस्टर, तुमी कशाला तरी भेल्या की पाव करता. व्हय ना?"

त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "मेट्रनबाईनं शिकवलं होतं. हात थरथरून राहिले तर पेशंटला लावायचे न्हाईत. त्याईला दुसरं काम द्यायचं."

"पण मग खरं काहून सांगत न्हाई तुमी लोकाईला?"

तेव्हा त्यांनी तांड्यावरच्या बाईची हकीकत सांगितली. कनेरगाव नाक्याच्या पुढं एक तांडा. तिथली एक पहिलटकरीण, आठवा महिना संपत आलेला. सिस्टरना तपासताना शंका आली. त्या वेळी त्यांनी खरं ते सांगितलं, की लेकराचं लक्षण ठीक नाही, वाशीमला न्यावं लागेल. आठव्या महिन्यात वेस ओलांडू नये म्हणून घरचे अडून बसले. सिस्टर त्यांच्याशी भांडल्या, जीप मिळवली, बाईला आत घातली. पोरगी भेदरून गेली होती, सारखी म्हणायची, सिस्टर, मी मरते का. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. अर्ध्या वाटेत तिला रक्त जायला लागलं आणि वाशीमच्या अलीकडंच ती गेली. लेकरूही गेलं.

"मी खरं बोलले आन् ती भिऊन मेली," सिस्टर म्हणाल्या. "घरी राह्यली असती तर? मला काय ठावं. तवापासून मी बराबर हाय म्हणते. ज्याचं व्हायचं ते व्हते, निदान भिऊन तरी मरू नये माणसानं."

मला वाटलं, सांगावं त्यांना, ती भीतीनं गेली नाही हो, रक्तानं गेली. पण हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी वाती वळत राहिले.

आणि पुढच्याच वर्षी, पुन्हा आश्विनातच, माझा आठवा महिना संपत आला होता.

त्याआधी माझं एकदा तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळं ह्या वेळी मी श्वाससुद्धा जपून घेत होते. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सासूबाई येणार होत्या. त्यांचा निरोप होता, आठवा सरेपर्यंत वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमचे हे शाळेच्या प्रशिक्षणाला परभणीला गेलेले. रोज संध्याकाळी सिस्टर त्यांचं ॲल्युमिनियमचं नरसाळं घेऊन यायच्या. ते नरसाळ्यासारखंच असतं, रुंद तोंड पोटावर ठेवायचं आणि निमुळत्या बाजूला कान लावून बाळाचे ठोके ऐकायचे. रोज ऐकायच्या, हसायच्या, म्हणायच्या, "घोडं धावून राहिलं."

त्या संध्याकाळी त्यांनी कान लावला आणि उचललाच नाही. मग नरसाळं थोडं सरकवलं. पुन्हा कान लावला. पदराचं घड्याळ डोळ्यासमोर धरलं. नंतर दुसरा कान लावून बघितला. मी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघत पडून होते.

"काय झालं, सिस्टर?"

"काई न्हाई. सगळं बराबर हाय. जेव आन् झोप."

घोड्याचं काही बोलल्या नाहीत. मी मनाला समजावलं की आता वय झालं त्यांचं, कान जरा मंद झालाय.

सकाळी मी न्हाणीत होते. अंगणात धप्प आवाज झाला. मी दार किलकिलं करून पाहिलं. सिस्टरनी पत्र्यावरचं काशीफळ काढून पायरीच्या दगडावर आपटलं होतं. स्वतः. पुरुषाची वाट न बघता, कोयता न घेता, त्याच दुखऱ्या मनगटानं. फळ अजून पुरतं पिकलंही नव्हतं, देठ हिरवा होता.

मी खोलीत येऊन खाटेवर बसले. केस ओले, पुसायचीही शुद्ध नाही. स्वतःला सांगत होते, पुतण्याचं काही असेल. भूकंपाची अफवा असेल. कुणीही असेल, दुसरं कुणीही असेल. मी देवाला म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तरी वाईट असू दे. असं मी म्हटलं, आणि ते मला आजही खरंच तसं वाटलेलं आठवतं. बाळ सकाळपासून हललं नव्हतं. की हललं होतं? मी पोटावर हात ठेवून बसले आणि मला काहीच सांगता येईना.

मग वास आला. आधी गूळ, मग सुंठ, मग जायफळ.

मी उठले. अंगण ओलांडायला किती वेळ लागला कोण जाणे. सिस्टर चुलीसमोर पाटावर, हात मांड्यांखाली.

"सिस्टर, पाव काहून?"

"काशीफळ सडून राहिलं होतं."

"हिरवं होतं ते. मी पाहिलं."

"तू जा, पड जरा. सगळं बराबर..."

"म्हणू नका! तेवढं म्हणू नका मला." मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात मोठ्या माणसावर अशी कधी ओरडले नव्हते. "माझं लेकरू हाय ते. मला सांगा."

त्या चुलीकडंच बघत राहिल्या. मला तेव्हा कळलं की ह्या बाईला आता बोलताच येणार नाही. पाव होईपर्यंत ती अशीच बसेल, आणि पाव झाल्यावर मला तुकडा कापून देईल आणि राखेकडं बघेल.

मी पदर हाताला गुंडाळला आणि झाकण उचललं. निखारे अंगणभर सांडले. गरम वाफेचा लोट माझ्या तोंडावर आला. पातेल्यात पिवळाधमक पाव टम्म फुगलेला होता. बघता बघता तो मधोमध खाली बसला.

सिस्टरच्या तोंडून हुंदका निघाला. हात मांड्यांखालून बाहेर आले आणि त्यांनी माझ्या पायांना मिठीच मारली.

"ठोके हळू हायेत, पोरी. मधीच थांबून राहिले. काल वाटलं, माझाच कान गेला. सकाळी पुन्हा ऐकायला यायची हिंमत झाली न्हाई मला. नांदेडला न्यावं तर वाटेत... ती तांड्यावरची..."

"चला," मी म्हटलं.

"रस्ता लई खराब हाय."

"असू द्या. चला."

भाभीच्या दिराची काळीपिवळी जीप होती. भाभी माझ्या सोबत मागं चढली, तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. आणि ज्या सिस्टर एसटीनं ट्रकला मागं टाकलं तरी डोळे मिटायच्या, त्या जीपमध्ये माझ्या पायाशी गुडघ्यावर बसल्या, हातात नरसाळं. गाव सुटलं. वेस मागं पडली तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले.

थोडं गेलं की त्या पुढं ओरडायच्या, "थांबव. मशीन बंद कर." जीप कडेला थांबायची. दोन्हीकडं हळदीची हिरवीगार शेतं, वाऱ्याची नुसती सळसळ. भाभी तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटत असायची, ती थांबायची. सिस्टर कान लावायच्या. तो वेळ मी कुणाच्या वैऱ्यालाही देणार नाही. मग त्या डोकं वर करून माझ्या डोळ्यांत बघून बोलायच्या, "हाय. हळू हाय, पण हाय." पुन्हा जीप, पुन्हा खड्डे, पुन्हा "थांबव." एकदा त्यांनी कान लावला आणि डोकं वर केलंच नाही. मी विचारलं, "गेलं का?" त्या म्हणाल्या, "मला ऐकू येऊन न्हाई राहिलं. खोटं न्हाई सांगत. दम धर." नरसाळं सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणि मग, "हाय गं. हाय!" खरं सांगते, त्या वेळी मी भ्याले होते, पण एकटी भ्याले नव्हते. "बराबर हाय" ऐकत पडून राहिले असते तर एकटीच भ्याले असते.

नांदेडला पोचल्या पोचल्या मला आत घेतलं. नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याला बसला होता. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, एवढीशी, निळसर. ती रडली तेव्हा बाहेर सिस्टर मटकन जमिनीवर बसल्या, असं भाभी सांगते.

दवाखान्यात तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या माझ्या खाटेशी आल्या. पोरीच्या छातीला नरसाळं लावून ऐकलं, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाल्या, "आजपासून मी तुला बराबर हाय म्हणणार न्हाई. जे हाय ते सांगीन. तूबी मला तसंच सांगायचं."

"कबूल," मी म्हटलं.

त्यांनी तो शब्द फारच पाळला. गल्लीला सगळं बराबर असायचं, मला कधीच नाही. आमटीत मीठ ठीक पडलंय का विचारलं तरी म्हणायच्या, "हाय तेवढं हाय." पोरीला पडसं झालं तर, "ताप चढंल असं वाटते, सांगून ठेवते." माझी झोप उडायची. पण त्यानंतर आम्ही वसमतला होतो तितकी वर्षं, पाव करायच्या आधी त्या माझ्या दाराशी येऊन सांगून जायच्या, आज कशासाठी करून राहिले ते. मग मी जाऊन त्यांच्याशेजारी पाट टाकायचे.

पुढं ह्यांची बदली हिंगोलीला झाली. तोवर हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, घरात गॅस आला, माझ्याकडं गोल विजेचा ओव्हनसुद्धा आला. सिस्टर त्याच्या वायरीकडं बघून चार हात लांब बसायच्या. दिवाळीच्या आधी दरवर्षी एक काशीफळ घेऊन एसटीनं यायच्या, मांडीवर धरून, सगळा रस्ता डोळे मिटून.

मुलगी पाचवीत होती त्या वर्षी त्या आल्या तेव्हा साडी अंगावर लोंबत होती. जेवण जाईना, पोटात दुखायचं. मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी पोटाचा फोटो काढायला पाठवलं. डॉक्टर भले माणूस होते. सिस्टरना बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं. सगळीकडं पसरलंय. आता फार काही करण्यासारखं नाही, त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला.

मी बाहेर आले. सिस्टर बाकावर बसल्या होत्या, ताठ, पदराला घड्याळ. त्यांनी माझ्याकडं मान वर केली. तांड्यावरच्या त्या पोरीनं त्यांच्याकडं असंच बघितलं असेल.

"काय म्हणले?"

मी तोंड उघडलं आणि शब्द आपोआप आला. "सगळं बराबर आहे, सिस्टर. पित्ताचं आहे. गोळ्या दिल्यात."

त्यांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, पटलं. त्या क्षणी मला त्यांचं आयुष्यभराचं बराबर हाय कळलं. समोरच्या डोळ्यांत बघून दुसरं काही म्हणताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत, मुलगी शाळेत. सिस्टर आतल्या खोलीत पडून होत्या. मी स्वयंपाक आवरला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. हात थांबेनात. डॉक्टर म्हणाले होते, आवडतं ते खाऊ घाला, असं स्वतःशी म्हणत मी त्यांनी आणलेलं काशीफळ पुढं ओढलं. ह्यांची वाट बघितली नाही. शिजवलं, घोटलं, गूळ घातला, सुंठ घातली. सोडा घालून त्यांनी काशीफळाबरोबर आणलेलं जायफळ किसलं. ओव्हनला मी हातही लावला नाही. कढईत वाळू टाकून पातेलं गॅसवरच ठेवलं, त्यांच्यासारखं, आणि झाकण लावलं. हे सगळं मी विचार न करता केलं. देवाशपथ सांगते, विचार न करता.

मग ओट्यासमोर स्टुलावर बसले. वास घरभर फिरायला लागला. आणि माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली आहेत.

उठून खिडकी उघडावी, गॅस बंद करावा, काहीतरी करावं, असं वाटेपर्यंत आतून खाट करकरली. चपला नाहीत, अनवाणी पावलं. भिंतीला धरत सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात आल्या. दम लागला होता. एक हात चौकटीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या, कढईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मांड्यांकडं.

"काशीफळ सडून राहिलं होतं," मी म्हटलं.

"परवाच आणलं मी ते."

त्या सावकाश आत आल्या. ओट्याच्या खिळ्यावरचं फडकं काढलं आणि बोटांना नीट गुंडाळलं. गॅसला एवढ्या भिणारी बाई, पण ज्योतीकडं बघितलंही नाही. मी म्हणणार होते, सिस्टर, नका, बसेल तो. त्यांनी झाकण उचलून ओट्यावर ठेवलं. पाव हळूहळू मधोमध खाली गेला, आम्ही दोघींनी बघितलं.

मग त्यांनी दुसरं स्टूल पायानं माझ्याजवळ ओढलं, त्यावर टेकल्या आणि माझे हात मांड्यांखालून काढून आपल्या हातात घेतले.

"हं," त्या म्हणाल्या, "आता सांग."